अरण्यमार्गावर श्वापदांची गाठ : पालि विनय आणि आजचा अनुभव

सोपारा म्हटले की बाहिय दारुचीरियाचे स्मरण प्रत्येक धम्मअभ्यासकास होतेच. उदानाच्या बोधिवग्गातील त्याचे सुत्त अनेक उपासकांना परिचित आहे. सुप्पारक येथे समुद्रतीरी राहणारा, लोकांकडून मानसन्मान पावणारा हा साधक भगवान बुद्धांच्या भेटीसाठी सावत्थीस निघतो. अट्ठकथेच्या मते हे अंतर एकशे वीस योजने भरते. भिक्षाटन करीत असलेल्या तथागतांना तो रस्त्यातच गाठतो, तीन वेळा विनंती करतो, अत्यंत संक्षिप्त असा उपदेश ऐकतो आणि तेथेच त्याचे चित्त आसवांपासून मुक्त होते. या उपदेशावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्यानंतर काय घडले याकडे वाचक सहसा लक्ष देत नाहीत. तथागत पुढे निघून गेल्यावर थोड्याच वेळात तान्हे वासरू असलेल्या एका गाईने बाहियावर धाव घेतली व त्यास ठार केले. भिक्षाटनाहून परतताना तथागतांनी त्याचा देह पाहिला, भिक्खूंकडून त्याचे दहन करविले आणि स्तूप उभारण्यास सांगितले.

येथे पालि शब्द 'गावी तरुणवच्छा' असा आहे. वन्य पशू नव्हे, गावातलीच गाय. आणि तिच्यासोबत नुकतेच जन्मलेले वासरू. हाच शब्दप्रयोग उदानातच कुष्ठरोगी सुप्पबुद्धाच्या मृत्यूच्या प्रसंगी पुन्हा येतो. मज्झिम निकायातील धातुविभंग सुत्तात पुक्कुसाति पात्र व चीवर शोधीत फिरत असता बुजलेल्या गाईकडून मारला जातो. धम्मपदाच्या अट्ठकथेतील तंबदाठिकाचा शेवटही असाच आहे. एका साहित्यात चार माणसे, चारही वेळा गाय. अट्ठकथाकारांना हा योगायोग सहन झाला नाही. त्यांनी पूर्वजन्मीच्या वैराची एक कथा रचून एकच यक्खिणी गाईच्या रूपाने या चौघांस मारते असे सांगितले. मूळ सुत्तांत या यक्खिणीचा मागमूस नाही. पूर्वजन्मीच्या कर्माने आजचे अपघात ठरतात ही कल्पना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तपासून नाकारली, हे आपणांस विदितच आहे. यक्खिणी बाजूस ठेवली तर जे उरते ते कोणत्याही गुराख्यास समजेल असे आहे : पिलू जवळ असलेली मादी, आणि तिच्या व पिलाच्या मधून नकळत जाणारा वाटसरू. आज वनविभागाचे कर्मचारी हत्तीण, गव्याची गाय, अस्वलीण आणि वाघीण यांच्याविषयी जी पहिली सूचना देतात, ती नेमकी हीच आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रयोजन येथूनच निर्माण झाले. राजोडी, कळंब, नाळे, सोपारा या पट्ट्यातील तरुण आता सुटीच्या दिवशी तुंगारेश्वराच्या डोंगरावर आणि कान्हेरीच्या लेण्यांकडे पायी जाऊ लागले आहेत. जाताना खंधपरित्त म्हणावे, मेत्ता भावना करावी, म्हणजे श्वापद वाटेस जात नाही, असे त्यांतील काही जण श्रद्धेने म्हणतात. दुसरीकडे, बिबट्या दिसल्याची वार्ता येताच 'त्याला पकडून न्या' अशी मागणी तितक्याच उत्साहाने होते. या दोन्ही भूमिकांस तिपिटकाचा आधार आहे काय, आणि आजच्या अभ्यासातून काय कळते, हे पाहावे असे आम्हांस वाटले.

प्रथम भूमीविषयी. राजोडी हे सुरूच्या बनाचे, वाड्यांचे, समुद्रकाठचे गाव. येथे मोठे श्वापद कुठून येणार, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. परंतु वसई तालुक्याच्या पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग उभी आहे. २००३ साली तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. वसईच्या खाडीपलीकडे नागला बंदराचे जंगल आणि त्यास लागून सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. मधे खाडी, महामार्ग आणि लोहमार्ग आहेत. पण बिबट्याला त्यांचा अटकाव होतो असे मानणे चुकीचे ठरले आहे. २००९ साली पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे पकडलेला एक वयस्क नर बिबट्या गळ्यात उपग्रह-पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या हालचालींची नोंद ठेवली. 'आजोबा' या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्राण्याने सुमारे महिन्याभरात १२० किलोमीटरांचे अंतर तोडले, कसाऱ्याजवळ लोहमार्ग ओलांडला, वसईची खाडी पोहून पार केली आणि तो राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसास इजा केली नाही. पुढे २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला. त्याच्यावर २०१४ साली मराठी चित्रपटही निघाला.

वसईकरांस याहून जवळचा अनुभव २०२४ साली आला. मार्चच्या अखेरीस वसईच्या किल्ल्यात बिबट्या आढळला. किल्ल्यात पहाटे फिरायला जाणारे, व्यायाम करणारे, इतिहास पाहावयास येणारे लोक होतेच. त्यांचे येणे-जाणे थांबवावे लागले. एप्रिलमध्ये, सुमारे साडेतीन आठवड्यांनी, तो पिंजऱ्यात आला. त्या काळात कोणाचा बळी गेला नाही. समुद्राने तीन बाजूंनी वेढलेल्या पडीक किल्ल्यात, वस्तीला लागून, इतके दिवस हा प्राणी राहिला आणि बहुतेक रहिवाशांस त्याचे दर्शनही झाले नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. बिबट्या दिसणे ही अपवादात्मक घटना असते. बिबट्या असणे तशी नव्हे. राष्ट्रीय उद्यान व परिसराच्या गणनेत २०१५ साली ३५ आणि २०१८ साली ४७ बिबटे मोजले गेले. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात तर जंगल नसलेल्या, उसाच्या व वस्तीच्या प्रदेशात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आणि तितकीच तरसे असल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. (जाता जाता : 'तरस' हा आपला मराठी शब्द पालीतील 'तरच्छ' या शब्दाचा सख्खा नातलग आहे. भिक्खूंच्या वाटेवर जो प्राणी होता तोच नावासह आपल्याकडे राहिला.)

आता विनयाकडे वळू. चुल्लवग्गाच्या खुद्दकवत्थुक्खंधकात एक लहानसा प्रसंग आहे. काही भिक्खू झाडावर चढले, लोकांनी माकडांसारखे चढतात म्हणून टीका केली, तेव्हा भिक्खूंनी झाडावर चढू नये असा नियम झाला. पुढे एक भिक्खू कोसल देशातून सावत्थीकडे जात असता वाटेत हत्ती आडवा आला. भिक्खू धावत झाडाच्या बुंध्याशी गेला. पण नियम आठवून वर चढेना. सुदैवाने हत्ती दुसऱ्या वाटेने निघून गेला. सावत्थीस पोहोचल्यावर त्याने हा वृत्तांत सांगितला. तेव्हा तथागतांनी नियम बदलला : काम असेल तर पुरुषभर उंचीपर्यंत आणि संकटात हवे तितके वर चढण्यास अनुमती दिली. आम्हांस हा प्रसंग विनयातील अत्यंत मानवी प्रसंगांपैकी एक वाटतो. हत्तीसमोर उभे राहून मेत्ता का केली नाहीस, असे त्या भिक्खूस कोणी विचारले नाही. नियमापेक्षा जीव मोठा, हे तत्त्व तेथे कोणत्याही भाष्याशिवाय मान्य झाले आहे.

मात्र हा उपाय सर्व प्राण्यांस लागू करता येत नाही, हे आजच्या वाटसरूने ध्यानात घ्यावे. बिबट्या आपल्याहून चपळाईने झाडावर चढतो, अस्वलही चढते. गव्यापासून झाडाचा उपयोग होतो, निदान मजबूत खोडाचा आडोसा मिळतो. हत्तीच्या बाबतीत झाड मोठे व भक्कम असेल तरच अर्थ आहे, कारण त्याची सोंड उंच पोहोचते आणि लहान झाड तो सहज मोडतो. हत्ती आता महाराष्ट्रास परका राहिलेला नाही. २००२ साली कर्नाटकातून सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग-तिलारी भागात हत्ती आले. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगढमधून एक कळप गडचिरोलीत उतरला. हत्ती माणसापेक्षा वेगाने धावतो. म्हणून त्याच्या बाबतीत अंतर हेच खरे संरक्षण. आणि त्याची चाहूल, म्हणजे मोडलेल्या फांद्या, ताजी लीद, कानांची फडफड, लागताच मागे फिरणे हाच उत्तम मार्ग.

मागे फिरण्यास कोणी भित्रेपणा म्हणेल. मज्झिम निकायाच्या सब्बासव सुत्तात मात्र याच कृतीस साधनेच्या भाषेत स्थान दिले आहे. आसव दूर करण्याचे जे सात प्रकार तेथे सांगितले आहेत, त्यांपैकी एक 'परिवज्जना' म्हणजे टाळणे. आणि टाळावयाच्या गोष्टींची यादी अगदी व्यवहारी आहे : चवताळलेला हत्ती, घोडा, बैल, कुत्रा, साप, खुंट, काटेरी जागा, खड्डा, कडा, घाणीची डबकी. ज्ञानाने टाळणे किंवा सोसणे यांत फरक केला आहे. थंडी, ऊन, भूक, डास, कठोर शब्द हे सोसावयाचे. चंड हत्ती सोसावयाचा नाही. आमच्या मते या सुत्ताचा हा परिच्छेद डोंगरयात्रेस निघणाऱ्या प्रत्येक गटाने एकदा वाचावा.

टाळण्याचा अर्थ तरी काय, हे कधी कधी फार कठीण होऊन बसते. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात एक महिला वनरक्षक आपल्या मदतनिसांसह पायी वाघांच्या खुणांची पाहणी करीत होत्या. पुढे वाटेवर वाघीण बसलेली दिसली. त्यांनी धाव घेतली नाही, आरडाओरड केली नाही. सुमारे अर्धा तास थांबून वाट पाहिली. वाघीण हलेना म्हणून त्यांनी दाट झाडीतून वळसा घेण्याचे ठरविले. वाघिणीने झाडीतून मागोवा घेऊन झडप घातली आणि त्या वनरक्षकाचा मृत्यू झाला. ज्यांचे कामच रानात पायी फिरण्याचे आहे, अशा कर्मचाऱ्यांची ही जोखीम शहरातील आपणांस क्वचितच जाणवते. या घटनेत त्यांचा दोष शोधणे अन्यायाचे होईल. कर्तव्य अपुरे ठेवून परतणे त्यांच्या हाती सहजासहजी नव्हते. परंतु सहलीस गेलेल्या माणसाच्या ते पूर्णतः हाती असते. वाटेवर वाघ वा बिबट्या बसलेला असेल तर आलेल्या मोकळ्या वाटेने परत फिरावे, दाट झाडीतून वळसा घेऊ नये. दाटीत आपली दृष्टी संपते, त्याची संपत नाही.

यातूनच मेत्तेचा प्रश्न पुढे येतो. नालागिरीची कथा सर्वांस ठाऊक आहे. राजगृहाच्या रस्त्यात देवदत्ताच्या सांगण्यावरून सोडलेला तो हत्ती तथागतांच्या मेत्तेने शांत झाला. या कथेवरून सर्वसाधारण नियम काढणे मात्र मूळ ग्रंथाशीच विसंगत आहे. चुल्लवग्गाच्या ज्या ग्रंथात नालागिरी आहे त्याच ग्रंथात झाडावर चढण्याची अनुमतीही आहे. नालागिरी हा राजाच्या हत्तीशाळेतील, माणसांनी वाढविलेला, माणसांनी सोडलेला हत्ती होता, रानातील नव्हे. पारिलेय्यक वनातील एकाकी हत्तीने तथागतांची सेवा केल्याचा प्रसंगही महावग्गात आहे, पण तेथे दोघेही कलहापासून दूर आलेले, हे त्या प्रसंगाचे मर्म आहे. हत्ती हाताळण्याची ती पद्धत नव्हे. भुकेल्या वाघिणीस आपला देह देणाऱ्या बोधिसत्त्वाची कथाही अशा वेळी पुढे केली जाते. ती कथा पालि जातकात नाही; आर्यशूराच्या संस्कृत जातकमालेत आहे, आणि तेथेही ती करुणेची कथा आहे, वाटसरूसाठी मार्गदर्शन नव्हे.

खंधपरित्ताचे काय? अंगुत्तर निकायात व चुल्लवग्गातही त्याचा प्रसंग दिला आहे : सावत्थीत एक भिक्खू सर्पदंशाने मरण पावतो, आणि तथागत सर्पांच्या चार कुळांविषयी मेत्ता बाळगण्यास सांगतात. अपाद, द्विपाद, चतुष्पाद, बहुपाद अशा सर्व प्राण्यांविषयी सद्भाव व्यक्त करून, त्यांनी आपणांस इजा करू नये, ते दूर जावोत, अशी इच्छा त्यात आहे. 'दूर जावोत' या अंशाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. त्यात जवळीक नाही. परस्परांच्या वाटा वेगळ्या राहाव्यात ही अपेक्षा आहे. ज्याच्या मनात प्राण्याविषयी वैर नाही तो दगड मारीत नाही, पिलास उचलावयास जात नाही, छायाचित्रासाठी चार पावले पुढे सरत नाही. मेत्तेचा संरक्षक परिणाम आम्हांस येथे दिसतो, आणि तो लहान नाही. परंतु मेत्ता म्हणजे चिलखत नव्हे. पिलाजवळच्या अस्वलिणीस तुमच्या चित्ताची अवस्था कळत नाही. तुमचे अंतर कळते.

भयाविषयीही एक शब्द. भयभेरव सुत्तात तथागत जाणुस्सोणि ब्राह्मणास आपला बोधिपूर्व अनुभव सांगतात : रात्री अरण्यात राहत असता एखादे हरीण जवळून जाई, मोर काटकी पाडी, वारा पानांत सळसळे, आणि भय उत्पन्न होई. ज्या अवस्थेत भय आले त्याच अवस्थेत ते निवेपर्यंत राहावयाचे, हा त्यांचा निश्चय होता. चालताना आले तर चालतच, उभे असता आले तर उभेच. हा चित्ताचा अभ्यास आहे, श्वापदापासून बचावाचा उपाय म्हणून तो सांगितलेला नाही. तरीही जंगलात ज्या एका गोष्टीने माणूस सर्वाधिक संकटात पडतो ती म्हणजे एकाएकी पाठ फिरवून पळणे; पळणारी वस्तू पाहून मांसाहारी प्राण्याची पाठलागाची प्रवृत्ती जागी होते. भय आले असता देहाची अवस्था त्वरेने न बदलण्याची सवय ज्यास आहे, त्यास येथे लाभ होईल असे आम्हांस वाटते.

बिबट्या समोर आला तर उभे राहावे. वाकू नये, खाली बसू नये. बिबट्याचे पुष्कळसे हल्ले लहान मुलांवर आणि वाकलेल्या वा बसलेल्या माणसांवर होतात, कारण ताठ उभा माणूस त्याच्या भक्ष्याच्या आकारात बसत नाही. मुले असतील तर त्यांना जवळ ओढून घ्यावे, मोठ्याने बोलावे, हात वर करून आकार मोठा दाखवावा आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे. त्यास निघून जावयास वाट मोकळी ठेवावी. वाघापुढेही पळणे हीच सर्वांत मोठी चूक.

अस्वलाची गोष्ट निराळी आहे, आणि विदर्भातील आमच्या बांधवांस ती आम्ही सांगावी असे नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचावयास गेलेला माणूस आणि त्याच फुलांसाठी आलेले अस्वल एकाच झाडाखाली येतात. वाळवी ओढून खाताना अस्वल स्वतःच इतका आवाज करते की माणसाची चाहूल त्यास लागत नाही. अगदी जवळ आल्यावर ते दचकते आणि दचकूनच हल्ला करते. नखांचा रोख चेहऱ्यावर व डोक्यावर असतो. म्हणून मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर भागात रानात शिरताना बोलत, काठी आपटत जाण्याची रीत आहे, ती शहाणपणाची आहे. अस्वल अंगावर आलेच तर पालथे पडून मानेवर हात घट्ट धरणे, चेहरा झाकणे हा जाणकारांनी सांगितलेला शेवटचा उपाय. मेळघाटातील स्त्री पोटासाठी रानात जाते, आपण हौसेने जातो. जोखमीची तुलना करताना हा भेद विसरता कामा नये.

अंगुत्तर निकायात अरण्यवासी भिक्खूने मनात बाळगावयाची जी अनागत भये सांगितली आहेत, त्यांत सिंह, वाघ, बिबट्या, अस्वल, तरस यांची गाठ पडून मृत्यू येऊ शकेल हे स्पष्ट म्हटले आहे. निष्कर्ष मात्र 'अरण्यात जाऊ नका' असा नाही. मृत्यू येण्यापूर्वी जे साधावयाचे ते आजच साधा, असा आहे. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात तर प्राण्यांच्या घ्राणेंद्रियाचीही दखल आहे. शिकाऱ्यांनी दिलेले सिंहाचे मांस खाऊन भिक्खू अरण्यात राहिले, तेव्हा त्या वासाने सिंहांनी त्यांच्यावर हल्ला केला. म्हणून सिंह, वाघ, बिबट्या, अस्वल, तरस यांचे मांस निषिद्ध झाले. वासाचा हा कार्यकारणभाव प्राणिशास्त्राच्या कसोटीस कितपत उतरेल हा वेगळा विषय. पण आपण अरण्यात काय घेऊन जातो, त्याचा परिणाम कोणावर होतो, हा विचार तेथे आहे. आज याच विचाराचे रूप म्हणजे कचरा. उरलेले अन्न टाकले की कुत्री जमतात, आणि कुत्री हे मुंबईच्या उद्यानालगतच्या बिबट्यांचे एक मुख्य भक्ष्य आहे. कान्हेरीच्या पायऱ्यांवर खाद्याच्या पिशव्या टाकून येणारा माणूस बिबट्यास वाटेवर बोलावीत असतो.

कान्हेरीचा उल्लेख आला आहे तर दोन शब्द अधिक. शंभराहून अधिक लेणी असलेल्या या भिक्खुसंघाच्या निवासास सोपाऱ्याच्या दायकांनीही दान दिल्याचे तेथील शिलालेखांत नोंदलेले आहे. म्हणजे सोपारा ते कान्हेरी ही वाट आजच्या तरुणांनी शोधलेली नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आपले पूर्वज ती चालत होते, आणि त्या रानात श्वापदे आजच्याहून कमी असण्याचे कारण नाही. त्यांच्यापाशी काय होते, हे वत्तक्खंधकातील अरण्यवासी भिक्खूंच्या कर्तव्यांवरून कळते : पिण्याचे पाणी, वापरण्याचे पाणी, अग्नी, अग्नी पाडण्याची अरणी, हातात काठी, नक्षत्रांचे ज्ञान आणि दिशांचे ज्ञान. यांतील काठी व दिशाज्ञान आम्ही आजही प्रत्येकाने न्यावे असे म्हणू. वाट चुकलेला माणूस दिवस मावळल्यावर रानात राहतो, आणि बिबट्याचा वावर प्रामुख्याने संध्याकाळनंतर ते पहाटेपर्यंत असतो. उद्यानाच्या व अभयारण्याच्या ठरलेल्या वेळा पाळणे, एकट्याने न जाणे, कानात गाण्याची यंत्रे न घालणे, पाणवठ्यावर रेंगाळू नये, इतके केले तरी पुष्कळ साधते.

वन्य प्राणी पाहून जमणारी गर्दी हा आमच्या मते सर्वांत चिंतेचा विषय आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूड भागात एक गवा शिरला. पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोपर्यंत वजनाचा असतो. हा प्राणी वस्तीत दिसताच शेकडो माणसे मागे लागली. धावून धावून तो दमला, जखमी झाला, त्यास बेशुद्धीचे औषध देऊन पकडण्यात आले आणि त्याच दिवशी तो मेला. त्यानंतर दोनच आठवड्यांच्या आत, २२ डिसेंबरला, बावधनजवळ दुसरा गवा आला. या वेळी गर्दी रोखली गेली, त्यास वाट मोकळी ठेवली गेली आणि तो रानात परतला. शहर तेच, महिना तोच, प्राणी तोच. फरक माणसांच्या वागण्याचा. म्हणूनच कोणासही श्वापद दिसल्यास १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवावे, आणि त्याचे ठिकाण व छायाचित्र गावभर फिरवू नये.

'पकडून दुसरीकडे सोडा' या मागणीचा इतिहासही पाहिला पाहिजे. जुन्नर भागात २००१ पासून पुढील दोन-तीन वर्षांत उसाच्या शेतांतून पुष्कळ बिबटे पकडून अन्यत्र सोडण्यात आले. त्यानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले, आणि ज्या ठिकाणी बिबटे सोडले त्या परिसरातही हल्ले झाले, असे अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आले. परक्या प्रदेशात टाकलेला प्राणी परत आपल्या जागी जाऊ पाहतो, आणि रिकाम्या जागेत दुसरा येतो. २००४ च्या जून महिन्यात मुंबईच्या उद्यानालगत अल्पावधीत अनेक बळी गेले, त्या काळातही बाहेरून आणलेले बिबटे उद्यानात सोडले जात होते. पुढे हे धोरण बदलले, वस्त्यांत जागृतीचे काम सुरू झाले आणि बळींची संख्या खाली आली.

राजोडीच्या वाचकांसाठी एक स्थानिक संदर्भ येथे द्यावासा वाटतो. सोपारा येथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उत्खनित केला. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तेथे मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली राजोडीच्या दक्षिणेस किनाऱ्यालगतच्या भुईगावात सापडला. आठव्या लेखाचा विषय असा : पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत व त्यांत मृगया असे, अशोकाने अभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीच्या स्थानी जाऊन धम्मयात्रा आरंभिली. रानात जाण्याचे प्रयोजन शिकारीवरून भेटीवर, दानावर, लोकदर्शनावर आणले गेले, आणि हे कोरलेले शब्द ज्या दगडावर होते तो आपल्या परिसरात उभा होता.

भिक्खूंचा आणि श्वापदांचा वाद एकाच जागेवरून उत्पन्न झाला तर कोणी हटावे, याचे उत्तर वस्सूपनायिकक्खंधकात आहे. वर्षावासाचा नियम कडक. तीन महिने जागा सोडता येत नाही. पण हिंस्र श्वापदे त्रास देऊ लागली, धरू वा पाठलाग करू लागली, तर भिक्खूंनी तेथून निघून जावे, वर्षावास मोडल्याचा दोष त्यांस लागत नाही, असे तेथे म्हटले आहे. उपोसथाच्या वेळी श्वापदाचे संकट आले तर पातिमोक्ख संक्षेपाने म्हणण्याचीही मुभा आहे. दोन्ही ठिकाणी श्वापदास मारण्याचा वा हुसकून लावण्याचा उल्लेख नाही. जाणूनबुजून प्राण्याचा जीव घेणाऱ्या भिक्खूस पाचित्तिय दोष लागतोच. जागा सोडावयाची ती भिक्खूने, आणि तीही मनात अपराधाचा सल न ठेवता.